अकरावा मणी

४ सप्टेंबर

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल काल दुपारी पोचलं. आत निघालं ते असं: मोठी तबकडी एक, तिचं पुठ्ठ्याचं कव्हर एक, तुझं पत्र अर्धं पान आणि मधे कोंबलेली वर्तमानपत्रं सात. वरची तिकिटं मोजली, साडेअठरा रुपयांची निघाली. अरे, एवढ्यात तू स्वतः निम्म्या वाटेपर्यंत आला असतास. सुतळी सोडवून गुंडाळून ठेवली आणि वर्तमानपत्रं फळ्यांवर अंथरली, तेव्हा त्यातले दोन-चार रुपये वसूल झाले असं धर.

तू लिहितोस, "मावशी, तबकडी ऐक आणि खरं काय ते सांग, तू खोटं बोलत नाहीस." खोटं बोलत नाही हे कबूल. पण यातलं मला कळतं असं मी कधी म्हटलं? माझं गाणं म्हणजे सकाळचं देवघर आणि भजनाच्या आमच्या तीन तबकड्या. तुझ्या कव्हरवर मागे छापलंय, 'प्रयोगशील प्रोग्रेसिव्ह जॅझ-फंक-रॉक'. एवढं लांब नाव तुझ्या पणजोबांचंही नव्हतं. पुढच्या बाजूला तीन डोळ्यांचा बोकड खुर्चीत बसून पेपर वाचतोय. काढणाऱ्याचा हात चांगला आहे, पण आपला ग्रामोफोन पडतो देवघराच्या अगदी समोर, म्हणून बोकडाला खाकी कागदाचं कव्हर घातलं. राग मानू नकोस. तुझ्या शाळेच्या पुस्तकांनाही मीच घालत होते.

ग्रामोफोन अजून चालतो का, असं तुझ्या मनात येईल. उत्तम चालतो. सहा वर्षांमागे त्याचा रबरी पट्टा तुटला. दुकानदार म्हणाला, नवा मागवावा लागेल. तुझे काका म्हणाले, "जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, मला एक पट्टा जमणार नाही?" सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापून बसवला. त्याला आजतागायत काही झालेलं नाही.

पहिली बाजू काल मटार सोलता सोलता ऐकली. 'लिफ्ट बंद आहे' हा पहिला तुकडा. मला वाटलं जिना चढल्यासारखं असेल. हे तर अंधारात जिना उतरताना एक पायरी जास्त निघावी तसं आहे. दर वेळी पाय टाकावा तर जमीन अजून खालीच. मधेच तो सॅक्सोफोन नळावर भांडायला उभ्या राहिलेल्या बाईसारखा सुरू होतो आणि कुणाचं ऐकून घेत नाही. आधी मी दोनदा उठून सुई उचलायला गेले. मग काय झालं कोण जाणे, बाजू संपली तेव्हा माझे मटार त्याच ठेक्यात सोलून झाले होते. शेंगा कमी पडल्या म्हण ना.

आता माझा प्रश्न. कव्हरवर तुम्हा चौघांची नावं आहेत. सॅक्सोफोन वाजवणारा तो बँकवाला, पियानोसारखं पेटीवर वाजवणारी ती दातांची डॉक्टर, जाड तारांच्या गिटारवर तू आणि ड्रमवर आपला डबड्या. पण तुझ्या अर्ध्या पानात डबड्याचं नाव एकदाही नाही. तुम्ही दोघं चौथीत एका बाकावर बसलात तेव्हापासून तुझ्या एकाही पत्रात असं झालेलं नाही. शिवाय तू लिहितोस, "कार्यक्रम अठरा ऑक्टोबरला आहे, झाला तर." झाला तर म्हणजे काय?

काकांचे आशीर्वाद.
तुझी मावशी

१० सप्टेंबर

ती. मावशीस सा. न.

बोकडाला कव्हर घातलंस हे वाचून डॉक्टरीणबाई एवढ्या हसल्या की त्यांच्या खुर्चीतला पेशंट तोंड उघडं टाकून वाट बघत राहिला. चित्र त्यांनीच काढलंय.

तुझ्यापासून काही लपत नाही, तेव्हा सांगतो. डबड्या जुलैपासून येत नाही.

झालं असं. दुसऱ्या बाजूला 'अकरा बोटं' नावाचा लांब तुकडा आहे. त्याची प्रत्येक फेरी अकरा मात्रांची. तीन, तीन, तीन आणि दोन. तो आम्ही अगदी शेवटी वाजवला. स्टुडिओतली आमची वेळ संपत आली होती, दाराशी पुढची मंडळी उभी होती, म्हणून एकदाच. त्यात मधे कुठेतरी डबड्यानं एक मात्रा खाल्ली. अकराच्या जागी दहा. माझ्या कानांनी ऐकलंय. पण तबकड्या छापून आल्यावर, पाचशेच्या पाचशे! मी सांगितलं, त्याला राग आला, तो गेला. बस, एवढंच.

आणि चार वर्षांत पहिल्यांदाच आम्हाला खरं सभागृह मिळालंय गं. आतापर्यंत लोकांनी आम्हाला उभं राहून, नाहीतर जेवता जेवता ऐकलं. इथे तीनशे खुर्च्या आहेत. सभागृहवाल्यांना दहा ऑक्टोबरपर्यंत हो की नाही ते सांगायचंय. दुसरे तीन ड्रमवाले बोलावून पाहिले. एकाला अकरा जमेना. दुसरा म्हणाला, याला संगीत म्हणत नाहीत. तिसरा अर्ध्यात चहा प्यायला म्हणून उठला तो अजून चहाच पितोय. डबड्या नसेल तर कार्यक्रम नाही आणि कार्यक्रम नाही तर मला वाटतं आम्ही चौघंही नाही.

म्हणून म्हणतो, दुसरी बाजू नीट ऐक. सॅक्सोफोन एकदा थांबतो, त्यानंतरची जागा. मात्रा कुणी खाल्ली ते तूच सांग. तू सांगितलंस तर तो मानेल. तुझा शब्द त्याला देवाच्या खालोखाल आहे.

तुझा
भुंग्या

१६ सप्टेंबर

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद.

दुसरी बाजू ऐकली. आधी खरं सांगते, मला ती फार आवडली. तू एवढं भांडण लिहिलंस म्हणून मी धडकीच भरवून घेतली होती, पण हे किती शांत आहे रे! इतकी संथ, भारदस्त चाल, जणू हत्ती पाण्यात उतरतोय. पंधरा मिनिटं झाली तरी घाई नाही. पंधरा हे माझं नव्हे, तुझ्या काकांचं. ते प्रत्येक गोष्टीला घड्याळ लावतात हे तुला माहीत आहे. मी माळ हातात घेऊन बसले होते, ती एका लयीत पूर्ण झाली. कितीतरी दिवसांनी मन कुठे पळालं नाही. देवापुढे नेहमी मन एका जागी बसतं असं खोटं कशाला सांगू.

एक गंमत. ग्रामोफोन आता स्वयंपाकघराच्या फडताळावर आहे. तुझी जाड तार फेरीच्या पहिल्या मात्रेला वाजली की वरच्या खणातल्या साखरेच्या डब्याचं झाकण थरथरतं. बाकी कुठलं भांडं हलत नाही, फक्त तेच. जणू तू तिथे लपून बसलायस.

मात्रा कुणी खाल्ली ते अजून कळलं नाही. मी मोजत नव्हते, ऐकत होते. पुन्हा बसेन.

पण भुंग्या, तू लिहितोस, "मी सांगितलं, त्याला राग आला." तू सांगतोस कसं ते मी पाहिलेलं आहे. पाचवीत तू भूगोलाच्या बाईंना त्यांचा नकाशा चुकलाय असं सांगितलं होतंस, तेव्हा शाळेत मला बोलावणं आलं होतं. नेमकं काय म्हणालास? शब्द कळव. डबड्यालाही मी आजच वेगळं पत्र टाकते आहे.

तुझी मावशी

२१ सप्टेंबर

ती. मावशीस सा. न.

मावशी! हत्ती? शांत? अगं, 'अकरा बोटं' वाजलं की लोक खुर्ची सोडून उठतात. बँकवाल्याला तो वाजवल्यावर दहा मिनिटं बोलता येत नाही. आणि पंधरा मिनिटं कुठली? तो तुकडा बरोबर अकरा मिनिटांचा आहे. बोकडाच्या पाठीमागे छापलंय, खाकी कागद काढून बघ.

कळलं का काय झालंय ते? काकांचा ट्यूबचा पट्टा! तुमचा ग्रामोफोन रांगतोय. सहा वर्षं तुम्ही प्रत्येक गोष्ट दीडपट नाही तरी सव्वापटीहून हळू ऐकताय. मी हे पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं आणि आम्ही तिघं जुलैनंतर पहिल्यांदाच एकत्र हसलो. साऱ्या गल्लीची घड्याळं बरोबर करणारे काका, आणि घरात हे!

सोबत नवा पट्टा पाठवतोय, कंपनीचा. तो बसवून ऐक. त्या रांगणाऱ्या यंत्रावरून कुणाचा न्याय करू नकोस, प्लीज. त्याच्यावर माझंही वाजवणं मीच ओळखणार नाही.

मी काय म्हणालो ते आता नीटसं आठवत नाही. चिडलो होतो एवढं खरं.

दहा तारीख जवळ येतेय.

तुझा
भुंग्या

२४ सप्टेंबर

ती. मावशींना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं. मालक म्हणाला, फ्रिजवाल्याला पत्र कोण लिहितं? म्हटलं, आहेत एक. मी बरा आहे. सध्या फ्रिज फार येतात. कान लावला की कुठला भाग गेलाय ते कळतं, त्यामुळे उघडझाप कमी होते आणि मालक खूश असतो. ड्रमवर चादर घातलीय. खोलीत जागा नाही, तेव्हा त्यावरच कपडे वाळत टाकतो.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, नाहीतर लिहिणार नव्हतो. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझ्या हाताला मोजता कधी येतच नव्हतं. म्हणून तर मावशीनं तुझं नाव डबड्या ठेवलं. जा, डबेच बडव." मी काठ्या पिशवीत घातल्या आणि निघालो.

मात्रा माझ्याकडून गेली हे खरं आहे मावशी. दहाच वाजवल्या. का वाजवल्या ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगणार नाही. अशी गोष्ट तोंडानं सांगितली की उपकार बोलून दाखवल्यासारखं होतं. ऐकणाऱ्यानं ऐकावी. त्याला पंचवीस वर्षांत माझा हात ऐकू आला नसेल तर सांगून काय येणार आहे?

मात्रेचं मला काही नाही. पण एक विचारू का? रागावू नका. ते नाव तुम्ही खरंच त्यासाठी ठेवलं होतं का?

काकांना नमस्कार. त्यांचा गुडघा कसा आहे?

तुमचा
डबड्या

३० सप्टेंबर

चि. भुंग्या आणि चि. डबड्या,

दोघांना मिळून हे एकच पत्र. खाली कार्बन घालून लिहिते आहे, म्हणजे एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं असं व्हायला नको. वरची प्रत कुणाला गेली आणि कार्बनची कुणाला, यावरून भांडाल तर दोघांचे कान धरायला तिथे येईन.

भुंग्या, तुझा नवा पट्टा मिळाला. तो मी मुद्दाम चार दिवस बसवू दिला नाही. तुझे काका तर ऐकायलाच तयार नव्हते. "छापखान्याची चूक असेल, माझा पट्टा बरोबर आहे," असं म्हणत ते कव्हरवरचे आकडे आणि मनगटावरचं घड्याळ यांच्याकडे आळीपाळीनं बघत होते. शेवटी कबूल केलं, पण जेवले नाहीत नीट. मी मात्र म्हटलं, थांबा. भराभर वाजताना भुंग्याला जे कधी ऐकू आलं नाही, ते हळू वाजताना मला ऐकू येईल. गहू निवडायचे तर ताट हलवत कुणी निवडत नाही.

तर आम्ही केलं ते असं. डबड्या ती पातळ झांज टिकटिक वाजवत राहतो, फेरीच्या पहिल्या मात्रेला जरा जोरात, तिच्या प्रत्येक ठोक्याला मी माळेचा एक मणी ओढला. अकरा झाले की पुन्हा एकपासून. भुंग्याची तार मी कानानं मोजलीच नाही, माझा भरवसा साखरेच्या डब्यावर. काकांनी डोळ्याला घड्याळाचं भिंग लावलं, स्टूल घेऊन झाकणासमोर बसले, आणि ते थरथरलं की "हं" म्हणायचे. तीन दिवस, रोज आंघोळ आणि पूजा झाल्यावर, एकेकदा. तिन्ही दिवस एकच आलं, म्हणून लिहिते.

सॅक्सोफोन थांबतो तिथून पहिल्या नऊ फेऱ्या, माझा पहिला मणी आणि काकांचं "हं" एकदम. दहाव्या फेरीत माझ्या बोटात अकरावा मणी होता आणि काका म्हणाले, "हं." मी म्हटलं, अहो, अजून एक राहिलाय. ते म्हणाले, झाकण हललं, मी काय करू?

भुंग्या, तू एक मात्रा आधी आलास.

पुढे ऐक. अकरावी फेरी, बारावी, तेरावी, चौदावी, पंधरावी, तू एक पाऊल पुढे आणि हा एक पाऊल मागे. पाच फेऱ्या. डबड्याच्या अकरा अगदी अकरा, एक कमी नाही की जास्त नाही. तुला पत्ताच नाही, तू आपला आनंदात चालला आहेस. मग सोळाव्या फेरीत माझ्या बोटात दहावा मणी होता, आणि पुढच्या ठोक्याला त्यानं पहिली मात्रा धरली. अकरावा मणी माझ्या हातात तसाच राहिला. आणि त्याच क्षणी काका म्हणाले, "हं." तिथून शेवटपर्यंत तुम्ही दोघं एकत्र.

म्हणजे तू म्हणतोस तेही खरं, त्यानं मात्रा खाल्ली. पण ती तुझ्यासाठी. तू चुकून पुढे गेलास, त्यानं तुला पाच फेऱ्या परत यायला वेळ दिला. तू येत नाहीस असं पाहिल्यावर आपल्या हातातली एक मात्रा सोडून दिली आणि तुझ्या बरोबरीला आला. दारात पुढची माणसं उभी, पुन्हा वाजवायला वेळ नाही, अशा वेळी. आणि त्याबद्दल त्याला सगळ्यांसमोर काय ऐकावं लागलं ते तुला आठवत नाही म्हणतोस. त्याला शब्दन् शब्द आठवतो. मला त्यानं कळवले आहेत.

आता डबड्या, तुझा प्रश्न. रागावले नाही, पण हे तुला माहीत नाही याचं वाईट वाटलं. चूक माझी, कधी सांगितलंच नाही. तू शाळेतून याच्याबरोबर यायचास आणि फडताळासमोर बसून माझे डबे वाजवायचास. एकदा मी ओरडणार तेवढ्यात तू म्हणालास, "मावशी, तांदूळ संपत आलेत, डाळ चार दिवस पुरेल." मी उघडून पाहिलं. बरोबर! त्यानंतर सहा वर्षं मी महिन्याची यादी तुला डबे वाजवायला लावून केली. झाकण उघडावं लागायचं नाही. एकदाही तुझा अंदाज चुकला नाही. आमचे हे म्हणायचे, "या मुलाचा कान म्हणजे तराजू आहे." म्हणून तू डबड्या. वहीत तेव्हाच्या याद्या अजून आहेत, समासात लिहिलंय, 'ड.नं ऐकून सांगितलं.' नाव मी कौतुकानं ठेवलं होतं. कुणी ते दगडासारखं फेकून मारलं असेल तर ते त्यानं स्वतः येऊन उचलावं.

मी यापुढे काही बोलणार नाही. दहा तारखेला किती दिवस उरलेत ते दोघांनाही मोजता येतं.

तुमची दोघांची
मावशी

५ ऑक्टोबर

ती. मावशीस सा. न.

मला कार्बनची प्रत आली. यावरूनच काय ते कळलं.

पत्र वाचलं आणि आधी विश्वास ठेवला नाही. ओळखीच्या एकाकडे वेग कमी करता येणारं यंत्र आहे, तबकडी घेऊन त्याच्याकडे गेलो. माळ नव्हती, म्हणून त्याच्या घरातली चिल्लर मांडली. दहावी फेरी आली आणि मी एक नाणं शिल्लक असतानाच आत आलो. सोळाव्या फेरीत डबड्याचं एक नाणं टेबलावर तसंच पडून राहिलं. मी त्या नाण्याकडे बघत बसलो. यंत्रवाला म्हणाला, "घे ते, चहा पी."

तिथून थेट फ्रिजच्या दुकानात गेलो. हा फ्रिजमधे डोकं घालून बसला होता. म्हटलं, "बाहेर ये, बोलायचंय." आतून म्हणाला, "बोल, इथे गार आहे." मग मी त्याच्या पाठीशी बोललो. काय बोललो ते तुला लिहीत नाही, पण या वेळी शब्दन् शब्द आठवतोय. नाव उचलायला आलोय, एवढं शेवटी म्हणालो. त्यानं डोकं बाहेर काढलं नाही. मग आतूनच फ्रिजवर बोटांनी तीन, तीन, तीन वाजवलं आणि थांबला. उरलेल्या दोन मी बाहेरून वाजवल्या. मालक म्हणाला, "तोडा, तोडा, गिऱ्हाइकाचा आहे!"

सभागृहवाल्यांना हो कळवलं. आणि ऐक, ती जागा आम्ही दुरुस्त करणार नाही. दहाव्या फेरीत मी मुद्दाम एक आधी येणार, पाच फेऱ्या तसाच भरकटणार आणि सोळाव्या फेरीत तो मला घ्यायला येणार. बँकवाला म्हणतो, त्या तुकड्यातली तीच एक जागा आहे जिथे काहीतरी घडतं. तालमीत त्या जागेचं नाव 'मावशी' पडलंय. "मावशीच्या आधी हळू वाजव," "मावशीला घाई केलीस," असं चाललेलं असतं. राग मानू नकोस.

डबड्या विचारतोय, ते झाकण अजून थरथरतं का? त्याला ते हवंय. झांजेशेजारी टांगणार म्हणतो. मी म्हटलं, वेडा आहेस का, मावशी साखर कशात ठेवणार? पण विचारायला सांगितलं म्हणून विचारलं.

तुझा
भुंग्या

(खाली माझी एक ओळ. मावशी, माझी वरची प्रत मी पाकिटात घालून ड्रमच्या आत चिकटवली आहे. कपडे आता दोरीवर वाळतात. डबड्या.)

१० ऑक्टोबर

चि. भुंग्या आणि चि. डबड्या, दोघांना अनेक आशीर्वाद.

याबरोबर रजिस्टर पार्सलनं पाठवते आहे ते असं: स्टीलचं झाकण एक, घासून पुसून, मधे काकांनी भोक पाडून दिलेलं. गुंडाळायला वर्तमानपत्रं सात, तीच. बांधायला सुतळी, तीही तीच. तिकिटं लागतील तेवढी लावली आहेत, त्याबद्दल या वेळी मी काही बोलत नाही.

झाकण आता आमच्याकडे थरथरत नाही. नवा पट्टा बसवला, तबकडी बरोबर वेगानं लागली आणि ते गप्पच झालं. काका भिंग लावून बसले होते, दोन मिनिटांनी उठले आणि म्हणाले, "याचं काम झालं." 'अकरा बोटं' खऱ्या वेगानं ऐकलं तेव्हा मला खुर्चीचा हात धरावा लागला. हे तुम्ही वाजवता तरी कसं? तरी दहावी फेरी कुठे आणि सोळावी कुठे, ते मला कळलं. एकदा हळू ऐकलेलं होतं ना.

दुसरं एक सांगायचं राहिलं. आपली ती भजनाची जुनी तबकडी आठवते का, कव्हर हरवलेली? ती आणली त्याच आठवड्यात पट्टा तुटला होता, म्हणजे पहिल्यापासून आम्ही ती ट्यूबवरच ऐकली. कुणी धीरगंभीर महाराज गातात असं समजून सहा वर्षं मी रोज सकाळी मनोमन त्यांच्या पाया पडत होते. नव्या पट्ट्यावर लावली तर एक तरुण बाई निघाल्या! आवाज इतका गोड आणि कोवळा, पंचविशीच्याही नसतील. काका म्हणाले, "आता नमस्काराचं काय?" मी म्हटलं, नमस्कार जिथे पोचायचा तिथे पोचला असेल, त्याला पट्टा लागत नाही. पण महाराजांची आठवण येते.

म्हणून काकांना सांगून जुना पट्टा टाकू दिला नाही. अठरा तारखेला संध्याकाळी सात वाजता तुम्ही तिथे 'अकरा बोटं' सुरू कराल, त्याच वेळी मी इथे ट्यूबचा पट्टा चढवून तबकडी लावीन आणि माळ घेऊन बसेन. तुमचं अकरा मिनिटांत संपेल, माझं पंधरा चालेल. तुमचे लोक टाळ्या वाजवत असतील तेव्हा मी नुकती कुठे सोळाव्या फेरीशी येत असेन. माझ्यासाठी थांबू नका. त्या जागी अकरावा मणी मी न ओढता हातात धरून ठेवीन, एवढं लक्षात असू द्या.

आता कामाचं. डबा सध्या बशीखाली आहे आणि मुंग्यांना ते कळलेलं आहे. तेव्हा तीनशे खुर्च्यांपैकी किती भरल्या, डबड्यानं झाकण कुठल्या मात्रेला वाजवलं आणि ते मला परत मिळणार आहे की नवं घ्यायचं, हे तिन्ही उलट टपाली कळवा. अर्ध्या पानात उरकू नका.

तुमची
मावशी